एकाच रक्ताचे दोघे

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे एका घरी सांत्वनासाठी बसलो असताना थोरल्या भावाने विचारलेला प्रश्न अद्याप आमच्या मनातून गेलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्या घरचे दोघे भाऊ एकाच आठवड्यात तापाने अंथरुणास खिळले. थोरला जुना दमेकरी. धाकटा कापसाचे गाठोडे एकट्याने उचलणारा. थोरला उठून बसला, धाकटा गेला. "फादर, एकाच मायचे आम्ही, एकाच ताटातले. मंग तोच काऊन गेला?" त्याहून कठीण गोष्ट घरच्या माउलीने सांगितली. धाकट्याच्या मुलीला पाहण्यास आलेल्या मंडळींनी 'तुमच्या रक्तातच तर काही नाही ना?' असे विचारून पुढचे बोलणे थांबविले होते.

हा प्रश्न नवा नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. आज 'पाप' या शब्दाच्या जागी 'जनुक' हा शब्द आला आहे. बोट मात्र त्याच घराकडे वळते. म्हणून विज्ञान नेमके काय सांगते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सख्ख्या भावांचे रक्त एकच, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ब्रनो येथील मठवासी ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवरील आपले प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून आपण जाणतो की, प्रत्येक अपत्याच्या वाट्याला आईबापांच्या ठेवीतून वेगळी निवड येते. रोगाशी झुंजण्याची शक्तीही अशीच वाटली जाते. २०२० मध्ये इटली व स्पेनमधील अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात तिसऱ्या गुणसूत्राच्या एका भागाचा आणि रक्तगटाचा संबंध दिसला. 'ओ' गटास धोका किंचित कमी, 'ए' गटास किंचित अधिक. त्याच वर्षी अन्य संशोधकांना ६५९ अत्यवस्थ रुग्णांपैकी २३ जणांत इंटरफेरॉन या शरीराच्या पहिल्या पहारेकऱ्याच्या कार्यातच जन्मजात उणीव आढळली. तोवर ही उणीव त्यांना जाणवलीही नव्हती. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस एखाद्या विशिष्ट विषाणूपुढे आतून निःशस्त्र असू शकतो तो असा.

तथापि येथे घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरील तो भाग निअँडरथल मानवाकडून आला असून दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत आहे, युरोपात केवळ सुमारे १६ टक्के लोकांत, असे झेबर्ग व पेबो यांनी २०२० मध्ये दाखविले. मग आपल्याकडे त्यानेच अनर्थ केला काय? भारतीय संशोधकांनी २०२१ मध्ये दक्षिण आशियाई लोकसमूहांत त्याची पडताळणी केली, तेव्हा तसा संबंध आढळला नाही. वय, इतर आजार, लस, वेळेवर मिळालेला प्राणवायू यांचे पारडे जड असते. 'त्याच्या रक्तातच होते' असे म्हणून आपण मोकळे झालो, तर रिकाम्या प्राणवायूच्या नळकांड्यांचा हिशेब कोण देणार?

आणि चांगले रक्त, वाईट रक्त ही विभागणी तरी कितपत टिकते? विदर्भाला सिकलसेलचे दुःख ठाऊक आहे. ते जनुक आई व बाप दोघांकडून आले तर मूल वेदनेने तळमळते. एकाकडूनच आले तर तेच जनुक मलेरियापासून राखते, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले. एकच वारसा एकास ढाल, दुसऱ्यास घाव. दोन वाहकांनी विवाहापूर्वी रक्त तपासून घ्यावे, हे शहाणपण होय. कारण तेथे धोका निश्चित मोजता येतो. करोनाबाबत कोणत्याही घराविषयी असा निवाडा देता येत नाही. त्या मुलीचे लग्न ज्या शंकेने अडले, तिला विज्ञानाचा आधार नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस अंतर्मुख करते. २०२३ मध्ये असे आढळले की, एचएलए-बी १५:०१ हा जनुकप्रकार असणाऱ्या काहींना लागण होऊनही लक्षणेच दिसत नाहीत. केवढे हे भाग्य! परंतु ज्याला खोकलाही येत नाही, तोच नकळत शेजाऱ्याच्या घरी रोग नेऊ शकतो. जे न मागता मिळाले, त्याचा गर्व कसला? आणि जे न मागता हुकले, त्याचा दोष कोणाचा? कोणाचे शरीर सशस्त्र आणि कोणाचे उघडे, हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. म्हणूनच बलवानाने आपण दुर्बलाजवळ उभे आहोत असे समजूनच वागावे. मुखपट्टीचा खरा अर्थ हाच होता.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा आंजीला गेलो. थोरल्याला म्हणालो, "तुझ्या वाट्याचे मरण त्याने घेतले नाही, आणि त्याच्या वाट्याचे जगणे तू चोरले नाहीस. दोघांनाही वेगळी शिदोरी मिळाली होती, एवढेच." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, पोरीच्या लग्नाचं आता मीच पाहतो." 'का' या त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. पण वाचलेल्याने काय करावे, याचे उत्तर त्याचे त्यालाच सापडले होते.