किल्ट आणि निमित्त

स्कॉटलंडमधल्या लग्नात नवरदेव किल्ट घालून उभा राहिला की घरच्यांचा ऊर भरून येतो. आई कौतुकाने पाहते, पोरे शेजारी उभी राहून फोटो काढून घेतात, सासरेबुवा बहुधा स्वतःही त्याच वेषात असतात. तोच माणूस पुढच्या मंगळवारी तोच किल्ट घालून दूध-पाव आणायला निघाला, तर दारातच प्रश्न येतो: आज काय विशेष? त्यात थट्टा असेल, चिडचिड असेल, काळजीही असेल; पण पँटीबद्दल हा प्रश्न कधी कोणी विचारत नाही. किल्टवरून घरात होणाऱ्या कुरबुरीचे कारण ‘पुरुषाने बायकी कपडा घातला’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. मला ते अपुरे वाटते. कपडाच बायकी वाटत असता, तर तो लग्नातही खटकला असता. घरच्यांना सलते ते निमित्तावाचून घालणे. आणि निमित्त मागण्याची ही रीत घरात जन्मलेली नाही. ती एकदा चक्क कायद्यात लिहिली गेली होती.

एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या पाठीराख्यांचे, म्हणजे जॅकोबाइटांचे, बंड मोडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने हायलंडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख किल्टसकट बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडल्यास सात वर्षे समुद्रापार रवानगी. बंदी फक्त पुरुषांवर आणि मुलग्यांवर होती. बायकांच्या टार्टनशी, म्हणजे चौकटीच्या लोकरी कापडाशी, सरकारला देणेघेणे नव्हते. खरी मेख पुढेच आहे. राजाच्या सैन्यात नोकरी करणाऱ्यांना या कायद्यातून सूट होती. म्हणजे पलटणीत घातला तर गणवेश आणि स्वतःच्या अंगणात घातला तर गुन्हा. याच सवलतीच्या आडोशाने किल्ट टिकला आणि साम्राज्याबरोबर फिरला. सप्टेंबर १८०३ मध्ये जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने लढलेल्या ७४ व ७८ क्रमांकाच्या पलटणी हायलंडच्याच. किल्टला मर्दानी नाव मिळाले ते अशा पलटणींमुळे, आणि कायदा १७८२ साली रद्द झाल्यावरही ‘कशासाठी घातला आहे ते सांगा’ ही अट लोकांच्या मनातून गेली नाही.

तिचा नमुना १८२२ साली एडिंबरात पाहायला मिळाला. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज तिथे आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताची सगळी आखणी केली आणि खुद्द राजाने किल्ट चढवला, खाली अंगाच्या रंगाचे घट्ट पायमोजे घालून. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. शिक्षणाच्या संदर्भात आपण ज्याला अजून विसरलेलो नाही त्या मेकॉलेनेही पुढे आपल्या इतिहासग्रंथात टोमणा मारला: आधीच्या काळी बहुसंख्य स्कॉट ज्याला चोराचा वेष समजत, तोच राजाने मानाचा म्हणून घातला. बंदीपासून राजवस्त्रापर्यंत अवघी ७६ वर्षे. कापड तेच राहिले, प्रसंग तेवढा बदलला.

यावर पहिला आक्षेप येतो तो किल्टप्रेमींकडूनच. हा राष्ट्रीय पोशाख आहे, याला स्कर्ट म्हणूच नका, इथे स्त्री-पुरुषाचा प्रश्न येतोच कुठे? पण हे सांगण्याची त्यांची घाईच बोलकी आहे. स्त्रियांनी पँट घातली तेव्हाही गहजब झाला. पॅरिसमध्ये १८०० सालचा बंदीहुकूम कागदावर २०१३ पर्यंत जिवंत होता. तरीही समाजाच्या हिशेबात बाई पँट घालून वर चढते आणि पुरुष घेरदार कपडा घालून खाली उतरतो. किल्टला या उतरणीतून सूट मिळते ती सैनिकाच्या नावावर. प्रसंग सरला की सूटही सरते आणि मग घरच्यांना अचानक घेर दिसू लागतो. पूर्ण किल्टला सात-आठ यार्ड लोकर लागते. पुढचा पदर सपाट, मागे शिवून बसवलेल्या चुण्या. चुरगळू नयेत म्हणून बसताना त्या हाताने मागून सारख्या कराव्या लागतात. लग्नाच्या मंडपात ही हालचाल रुबाबदार दिसते. बसच्या बाकावर मुलगी पुटपुटते, ‘बाबा, नका ना!’

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लाज एकट्याची नसते. त्याच्या कपड्याचा जाब शेजारी त्याला विचारत नाहीत, बायकोला विचारतात. शाळेत चिडवले जाते ते पोराला. मग घरच्यांनी बोलायचेच नाही का? जरूर बोलावे, आणि पोराच्या शाळेच्या फाटकाशी बापाने हट्ट सोडावा, असे मीही म्हणेन. पण लोक काय म्हणतील ही भीती वेगळी आणि कपडाच चुकीचा हा निवाडा वेगळा. घरात या दोन्हींची सरमिसळ होते, कारण भीती कबूल करण्यापेक्षा निवाडा देणे सोपे. आपल्याकडे लुंगीचे गणित किल्टच्या उलट आहे. मराठी घरात ती खुशाल चालते, पण पाहुणे आले की पँट शोधली जाते. केरळात मात्र मुंडू नेसून लग्नाला जातात. तेव्हा कपड्यातच काही आहे असे म्हणायला जागा उरत नाही.

निमित्ताची ही पकड सैल करण्याचे प्रयत्नही झाले. लंडनमध्ये १९२९ साली पुरुषांच्या पोशाखसुधारणेसाठी एक पक्षच निघाला होता. पँटीऐवजी अर्धी चड्डी किंवा किल्ट घाला, हा त्याचा आग्रह. आधार मात्र आरोग्याचा: मोकळी हवा, स्वच्छता. अलीकडे सिअ‍ॅटलच्या एका कंपनीने जाड सुती कापडाचे, टार्टन नसलेले, भल्यामोठ्या खिशांचे किल्ट काढले. कुळाचा मान नको, समारंभ नको, रोज घाला, असा तिचा रोख. पण त्या खिशांकडे नीट पाहिले तर तिथेही निमित्त पुरवलेलेच आहे: लग्नाऐवजी काम. बायकोने विचारलेच, तर हातोडी ठेवायला जागा आहे असे सांगता येते. आवडतो म्हणून घातला, हे उत्तर अजून कोणत्याही दुकानाने विकायला ठेवलेले नाही.