दया, माया आणि मराठी कथा

‘दया’ हा शब्द संस्कृतातल्या ‘दय्’ या धातूपासून आला. वाटून देणे, वाटा देणे हा या धातूच्या जुन्या अर्थांपैकी एक. कळवळा हा त्याच्याच शेजारचा. वाटा देणाऱ्याजवळ काहीतरी असावे लागते आणि घेणाऱ्याजवळ ते नसावे लागते. ही वर-खालची मांडणी शब्दाला पुढे चिकटूनच राहिली. तुकोबांनी दयेची व्याख्या करताना जिवांच्या सांभाळाबरोबर दुष्टांचा बंदोबस्तही तिच्यातच धरला होता. रोजच्या बोलण्यात मात्र ही धार उतरली नाही. तिथे दया ‘येते’ किंवा ‘केली जाते’, आणि ज्याची दया येते तो बहुधा गप्प असतो.

‘माया’ या शब्दाची वाट अगदी निराळी. संस्कृतात तो भूल, भ्रम. मराठी घरात तोच जिव्हाळा झाला. शिंपी शिवणीच्या आत जास्तीचे कापड राखून ठेवतो, त्यालाही माया म्हणतात; माणूस अंगाने भरला की तिथून कपडा सैल करता येतो. माया ‘लागते’ आणि ‘लावली’ जाते. ती गोठ्यातल्या जनावरालाही लावता येते, आणि तेही उलट लावते. दारी आलेला याचक ‘दया करा’ म्हणतो. ‘माया करा’ असे कोणी म्हणत नाही. ‘दयामाया’ हा जोडशब्द रूढ असला, तरी त्याच्या दोन भागांतले हे अंतर मराठी कथनाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 सालची, मराठीतल्या अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी. नायिका यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, ऐकते. पुढे तिलाही वैधव्य येते, पण पुस्तकाचा मोठा भाग पाहणाऱ्याच्या जागेवरून लिहिलेला आहे. वाचकाच्या मनात दया उपजावी आणि तिच्यातून सुधारणा घडावी, हा त्यामागचा उघड हेतू होता.

1890 पासून हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच, घरातली यमू. मात्र इथे ती स्वतः बोलते. माहेर, सासर, नवऱ्याबरोबरचे थोडेसे सुखाचे दिवस, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन हे सारे तिच्याच तोंडून कळते. इतका वेळ जिच्याशी ओळख वाढली तिची कीव करणे वाचकाला जमत नाही; तिची माया लागलेली असते. शीर्षकही दया मागत नाही, लक्ष मागते. तेहतीस वर्षांतला हा बदल मराठी कादंबरीतल्या सर्वांत मोठ्या बदलांपैकी एक मानायला हवा.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त माया हा घराचाच स्वभाव आहे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात मुलाला रागे भरणे हेही मायेचेच काम ठरते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) तर भावनेचे नावही क्वचितच घेतले जाते. तरुण मास्तर आणि धनगर यांचा एकमेकांवरचा विश्वास लहानसहान कामांतून वाढतो. कोणी कोणावर उपकार केल्याची भाषा तिथे नाही.

दयेला खरा नकार मिळाला तो दलित कथेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतरानंतर ‘करुणा’ हा बौद्ध शब्द वस्त्या-वस्त्यांत प्रज्ञा आणि शील यांच्यासोबत नव्याने बोलला जाऊ लागला. तोवर मराठीत ‘करुण’ म्हणजे रडवणारे, इतकाच अर्थ बहुतेकांना परिचयाचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर करुणेच्याही पुढे मैत्रीला स्थान दिले. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहातल्या शीर्षककथेचा निवेदक जात लपवून रेल्वेत नोकरी करतो. जात उघड होताच त्याला मार बसतो. मार खाल्ल्यावरही तो मारणाऱ्यांना दोषी धरत नाही. त्यांच्या हातांमागची व्यवस्था त्याला दिसते. समजून घेणारा इथे जखमी माणूस आहे, आणि ज्यांना समजून घ्यायचे ते त्याला मारून मोकळे झाले आहेत.