नस्ल आणि अमल

मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली की आमच्या भोकरात माळेगावच्या यात्रेच्या गोष्टी सुरू होतात. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात हे माळेगाव. यात्रा खंडोबाची, पण घोडे, उंट, गाढवे आणि बैलांच्या बाजारासाठी सगळ्या जातीधर्मांची माणसे तिथे जमतात. आमच्या समाजातले लोकही सौद्यासाठी जातात. याच यात्रेत जनावरांच्या प्रदर्शनाबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. एकदा आम्ही ते बघायला थांबलो. जोहरची नमाज व्हायची होती, म्हणून कपडे सांभाळत जरा अंतर राखूनच उभे राहिलो. घरी परतल्यावर मात्र एक प्रश्न मनातून जाईना. कुत्र्याला नंबर देताना माणूस नेमके काय मोजतो?

या विषयाची माहिती काढली तेव्हा कळले की, आपण समजतो तशी ही सौंदर्यस्पर्धा नसते. प्रत्येक जातीच्या कुत्र्याचे एक लिखित वर्णन असते. डोके कसे असावे, छाती किती खोल, पोट किती आत ओढलेले, शेपूट कुठवर, रंग कोणते चालतील, हे सारे त्यात नोंदलेले असते. परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करत नाही. निदान करू नये, असा नियम आहे. समोरच्या प्रत्येक कुत्र्याला तो त्या वर्णनाशी ताडून पाहतो. तोंड उघडून दातांची ठेवण बघतो, खांदे आणि फासळ्या हाताने चाचपतो, मालकाला कुत्र्यासह पळायला लावून चाल पाहतो, परक्या हाताने कुत्रा बिथरतो का तेही पाहतो. वर्णनाच्या सर्वांत जवळ जाणारा कुत्रा पहिला येतो. पुढे वेगवेगळ्या जातींचे विजेते समोरासमोर आले, तरी प्रश्न तोच राहतो. आपापल्या वर्णनाला सर्वांत जास्त कोण उतरला?

आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. कंधारची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातली देवणी या आपल्याच भागातल्या गायी-बैलांच्या जाती. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगाचे प्रकार जाणकार दुरून सांगतात. वळू निवडताना त्याचे खांदे, खूर, वशिंड पाहावेच लागते, कारण त्याचे गुण पुढच्या पिढीत उतरणार असतात. कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा मूळ हेतूही हाच, पैदाशीसाठी जनावर निवडणे. त्यात गैर काही नाही. परीक्षक प्रामाणिक असेल तर हा एक प्रकारचा न्यायच आहे. मोजमाप आधी जाहीर केलेले, सर्वांना सारखे, आणि मालकाचा चेहरा न पाहता लावलेले.

मग खटकते ते काय? थोडा इतिहास पाहिला की ते ध्यानात येते. इंग्लंडमध्ये अशा प्रदर्शनांची सुरुवात 1859 साली न्यूकॅसल शहरात झाली. तिथे आणलेले कुत्रे शिकारीचे होते आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या गेल्या. म्हणजे कुत्र्याचे रूप आणि त्याचे काम यांचा अजून संबंध होता. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळीच्या वह्या आल्या. हळूहळू काम मागे पडले आणि वर्णन उरले. बुलडॉगचे तोंड चपटे हवे, डोके मोठे हवे, असे ठरले. मग ते इतके चपटे आणि इतके मोठे झाले की कुत्र्याला श्वास घेणे कठीण झाले आणि मादीची पिल्ले बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करूनच काढावी लागू लागली. 2008 मध्ये बीबीसीने यावर एक माहितीपट दाखवला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. 2012 साली क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनात आपापल्या जातीत पहिले आलेले सहा कुत्रे पशुवैद्यकांच्या तपासणीत नापास ठरले. त्यांत बुलडॉगही होता. परीक्षकाने ज्याला सर्वोत्तम म्हटले, तोच वैद्याच्या लेखी निरोगी नव्हता. मोजपट्टी चोख लावली होती, पण मोजपट्टीच बिघडली होती.

आपल्याकडचा कारवान कुत्रा घ्या. मुधोळच्या संस्थानिकांनी तो जोपासला म्हणून त्याला मुधोळ हाउंडही म्हणतात. एका संस्थेच्या दप्तरात तो कारवान, दुसरीच्या दप्तरात मुधोळ. कुत्र्याला त्याचा पत्ता नाही. लांब पायांचा, सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा हा कुत्रा सशाच्या मागे सोडण्यासाठी पाळला जाई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. पण त्याबरोबर या कुत्र्याचे मुख्य काम गेले. आता तो किती चांगला धावतो हे माळरानावर कोण पाहणार? उरले ते प्रदर्शनाचे रिंगण. काम संपले की रूपाला आणि नावाला भाव येतो. ही गोष्ट फक्त कुत्र्यांपुरती खरी आहे का?

इथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीच्या रिश्त्यासाठी आम्हाला मध्यस्थ व्हायला सांगितले गेले. मुलगी डी.एड. झालेली, शाळेत शिकवणारी. मुलगा नेक, नमाजी, हाताला काम असलेला. आम्ही मुलाच्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला तो असा : “आपली बिरादरी कोणती?” ते म्हणाले, “पिंजारी.” मुलीचे घर स्वतःला सय्यद म्हणवणारे. आम्ही निरोप पोहोचवलासुद्धा नाही. मुलाचे शिक्षण, स्वभाव, आरोग्य यांतले काहीही न विचारता आम्ही निकाल दिला. माळेगावचा परीक्षक निदान दात तरी बघतो! आम्ही तेवढीही तसदी घेतली नाही.

कुणी म्हणेल, इस्लाममध्ये जात नाही. किताबात नाही, हे खरे. पण सय्यद, शेख, मोगल, पठाण एकीकडे आणि पिंजारी, तांबोळी, बागवान, कुरैशी दुसरीकडे, ही उतरंड आपल्या मोहल्ल्यात आहे हे कोण नाकारील? जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, 1994 साली राज्य शासनाने या समूहांना सवलती मान्य केल्या, तेव्हा आपल्यातल्याच अनेकांनी नाके मुरडली होती. बापजाद्यांचे काम गेले, इल्म गेले, त्यागही गेला. शिजरा मात्र पेटीत जपून ठेवला. आपल्या फिकहच्या पुस्तकांत ‘कुफू’ची चर्चा आहे आणि हनफी आलिमांनी त्यात वंश आणि व्यवसायही धरला, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण इमाम मालिक यांनी दीनदारीलाच मुख्य मानले होते, हेही त्याच परंपरेत आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कुरैश घराण्यातल्या फातिमा बिन्त कैस यांना दोन नामवंतांची मागणी आली असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उसामा बिन झैद यांच्याशी निकाह करण्याचा सल्ला दिला. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. फातिमांना आधी ते रुचले नाही, पण त्यांनी सल्ला मानला आणि त्यात आपले भले झाले, असे पुढे त्यांनीच सांगितले. ही हदीस आम्ही कितीदा ऐकली होती. निरोप दाबून ठेवताना ती का आठवली नाही?

गंमत म्हणजे, ज्या कुत्र्याचे नाव आपण शिवी म्हणून घेतो, त्याला पारखण्याचे मोजमाप आपल्या धर्मात आहे आणि ते नस्लीचे नाही. शिकवलेल्या जनावराने आणलेली शिकार हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये म्हटले आहे. शिकवलेला कुत्रा कोणता, यावर फकीहांनी बारकाईने विचार केला. सोडला की जातो, बोलावला की थांबतो, पकडलेली शिकार स्वतः न खाता मालकासाठी राखतो, तो शिकवलेला. अट प्रशिक्षणाची आहे आणि सोडताना अल्लाहचे नाव घेण्याची आहे. कुत्र्याच्या आईबापाची चौकशी नाही. जुन्या आलिमांनी यावरून म्हटले की इल्म कुत्र्यालाही मान मिळवून देते.

सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. त्यांची संख्या किती होती यावर लोक वाद घालतील असे तिथे सांगितले आहे आणि त्या प्रत्येक मोजणीत कुत्राही मोजलेला आहे. त्याची जात कुठेही दिलेली नाही. तो मोजला गेला तो सोबत केल्यामुळे. आणि तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला आपल्या मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला माफी मिळाल्याची हदीस तर सगळ्यांना पाठ आहे. तिथे परीक्षा कुत्र्याची नव्हतीच, माणसाची होती.

कुत्र्याची लाळ नापाक, हा पाकीचा नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. पण पाकीचा नियम म्हणजे प्राण्याच्या किमतीचा निवाडा नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आपण कुत्र्याला दगड मारतो आणि त्याला दीन समजतो.

मग निवाडा करूच नये का? करावा लागतोच. शाळेत मास्तर करतो, रिश्ता पाहताना आईबाप करतात, मशिदीत इमाम निवडताना जमात करते. पण माळेगावच्या रिंगणाजवळ उभे राहून आम्हाला तीन गोष्टी शिकता आल्या असत्या. काय मोजतो आहोत ते आधी स्वतःला स्पष्ट सांगावे. मोजतो ते ज्या कामासाठी निवड आहे त्याच्याशी जुळते का, ते तपासावे. आणि एका रिंगणातला नंबर म्हणजे जिवाची किंमत, असे कधीही मानू नये. कुत्र्याला पट्टा धरून रिंगणात आणले जाते. हे वर्णन कुणी लिहिले, असे तो विचारू शकत नाही. माणूस विचारू शकतो. सूरह हुजुरातमध्ये कुळे आणि कबिले ओळखीसाठी सांगितले आहेत आणि मोठेपण तकव्यावर ठेवले आहे. तकवा चाचपून पाहता येईल असा हात कोणत्याही परीक्षकाला दिलेला नाही.

त्या मुलाचे पुढे लग्न झाले. तो सुखी आहे असे ऐकतो. मुलीच्या वडिलांना आम्ही ती गोष्ट नंतर सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढेच म्हणाले, “भाई, मला विचारायचे तरी होते.”