वास्तुपुरुषाची मर्मस्थाने

गेल्या मार्गशीर्षात आमच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडातली, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत काढून टाकावी असे घरात एकमताने ठरले. आणि ज्या गोष्टीविषयी घरात एकमत होते तीत घराबाहेरच्या कोणाचे काही मत असू शकेल, ही शंका आम्हां कोणालाही शिवली नाही. पालिकेच्या परवानगीचा विषय निघताच गवंडी हसून म्हणाला, "आतलं काम आहे, साहेब, बाहेरून कुणाला दिसतंय?" हे उत्तर त्या वेळी मला फार सोयीचे वाटले, परंतु मालकी कोठवर पोहोचते आणि कोठे संपते, हा धर्मशास्त्रातला जुनाच प्रश्न त्या भल्या माणसाने नकळत माझ्या पुढ्यात टाकला होता.

आपल्या पूर्वजांनी घर ही केवळ विटामातीची वस्तू मानली नाही. पृथ्वी आणि आकाश व्यापून बसलेल्या एका भूताला देवांनी पालथे पाडले, ज्याने जो अवयव दाबून धरला तो देव तेथेच राहिला, आणि तोच वास्तुपुरुष झाला, अशी कथा वराहमिहिराने बृहत्संहितेत दिली आहे. त्या देहावर काही मर्मस्थाने असून तेथे खिळ्याने वा खांबाने पीडा दिली असता घरधन्याच्या त्याच अवयवाला पीडा होते, असेही तो सांगतो. या समजुतीचा अक्षरार्थ आज कोणी घेणार नाही. पण तिच्यातला भावार्थ असा की, ज्या घराला आपण आपले म्हणतो त्यात आपल्याआधीच कोणी वस्तीला आहे, आणि त्याला विचारल्यावाचून हातोडा उचलणे हा अपराध आहे.

आमच्याकडे हा भावार्थ एका स्थापत्य अभियंत्याच्या मुखाने आला. त्याने इमारतीचा जुना नकाशा पसरला, त्या भिंतीवर बोट ठेवले आणि म्हटले, "हा नुसता आडोसा नाही, वरच्या दोन मजल्यांचा भार हिच्यावर आहे." आमच्या डोक्यावर एक वृद्ध आजी एकट्या राहतात. आमच्या एकमतात त्यांचे मत कोणी घेतलेच नव्हते. म्हणजे भिंत माझी होती, पण तिने पेललेला भार माझा नव्हता.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात गिलावा, रंगकाम, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला पूर्वसूचनेची अट नाही. इमारतीत फेरफार आरंभताच ती अट लागू होते. जेथे दुसऱ्याच्या जिवाचा संबंध येतो तेथे घरधन्याने थबकावे, असा या तरतुदीचा आशय मला दिसतो. यहुद्यांच्या धर्मशास्त्रातही, मोशेच्या नियमांत, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा आहे. धाबे घरधन्याचे असले तरी त्यावरून पडणारा परका असू शकतो. आतले काम बाहेर दिसत नाही हे खरे; पण २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक इमारत कोसळून १७ माणसे दगावली, तेव्हा तळमजल्यावरील फेरफारात आधारखांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता.

यावर पूर्वपक्ष असा की, ज्या कचेरीत अर्ज महिनोन्‌महिने धूळ खातो आणि चिरीमिरीवाचून कागद हलत नाही, तिच्या मंजुरीला धर्माचे नाव कसे द्यावे? तक्रार खोटी नाही. दिरंगाईचा अनुभव आम्हीही पुरेसा घेतला. परंतु पुरोहित दक्षिणेचा लोभी निघाला म्हणून वास्तुपुरुष नाहीसा होत नाही. मंजुरी देणारा आपल्या धर्मापासून ढळला तर तो त्याचा दोष. मागणाऱ्याचे कर्तव्य त्या कारकुनापुरते नसून वरच्या मजल्यावर निर्धास्त झोपलेल्या माणसाशी आहे, आणि पैसे चारून मिळवलेल्या दाखल्याने ते कधीच फिटत नाही. उलट, आपण वास्तुशांतीला शंभर पाने वाढतो, नवग्रहांना आहुती देतो, आणि त्याच आठवड्यात खांबाला सुरुंग लावतो. ही विसंगती मला नास्तिक्याहून अधिक भयंकर वाटते.

आमची भिंत अजून जागच्या जागी आहे. यंदा तिला आम्ही फिकट पिवळा रंग दिला. त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही.