आच आणि तारतम्य

वैशाखी पौर्णिमेला, नागपूरचे ऊन ऐन भरात असताना, येथील बौद्ध वस्त्यांतून खिरीचे गंज चुलीवर चढतात आणि उरुवेला येथे सुजातेने सिद्धार्थ गौतमाला अर्पण केलेल्या पायसाचे स्मरण म्हणून ती खीर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती दिली जाते. सहा वर्षांच्या देहदंडानंतर त्याने अन्न स्वीकारले, तेव्हा ‘हा तपोभ्रष्ट झाला’ अशा समजुतीने पाच सहकारी त्याला सोडून गेले. आणि पुढे सारनाथला त्याच पाचांना त्याने जो पहिला उपदेश केला, तो भोग आणि क्लेश ही दोन्ही टोके वर्ज्य करणाऱ्या मध्यम मार्गाचा होता. पण मध्यम म्हणजे नेमके काय? दोन टोकांमधले अंतर मोजून काढलेला अर्धा?

या प्रश्नाकडे मला एका पातेल्याने पुन्हा वळवले. त्याच पौर्णिमेच्या संध्याकाळी नातीच्या हट्टाखातर मॅकरोनी आणि चीज करायला घेतले, तेव्हा कसलाही अतिरेक नको म्हणून मी आच आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी मध्यम ठेवली, उकळी फुटू दिली नाही आणि पातेले खालीही उतरवले नाही. परिणामी मैद्याचा कच्चट वास तसाच राहिला, चीज चोथ्यासारखे आकसले आणि त्यातले तूप वेगळे होऊन वर तरंगू लागले.

दुसऱ्या खेपेस 2 चमचे लोण्यात 2 चमचे मैदा शांत आचेवर खमंग वास सुटेपर्यंत परतला, अर्धा लिटर दूध थोडे थोडे घालत, पळी न थांबवता, त्याला चांगली उकळी आणली, कारण मैद्यातले पिष्ट उकळीच्या जवळ गेल्यावाचून पुरते फुगत नाही. आणि पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटेनाशी झाली, तेव्हा पातेले खाली उतरवून, वाफ थोडी जिरू देऊन, मगच किसलेले चीज मुठीमुठीने घातले, कारण अतितापाने त्यातली प्रथिने आवळतात आणि स्निग्धांश बाहेर पिळून काढतात. शिजलेली मॅकरोनी त्यात मिसळली, तेव्हा प्रत्येक नळी सायीसारख्या रसाने माखली. गुळाची खीर करणाऱ्या आपल्या बायका दूध फाटू नये म्हणून गंज उतरवल्यावरच गूळ घालतात, तो शिरस्ताही याच जाणिवेचा आहे.

शांत आच, भर उकळी आणि आचेचा संपूर्ण त्याग, या तिन्ही गोष्टी एकाच पदार्थात आपापल्या क्षणी योग्य ठरतात. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करणाऱ्या सोण नावाच्या भिक्षूला बुद्धाने वीणेच्या तारेचा दाखला दिला, की ती फार ताणलेली नको आणि फार सैलही नको. परंतु वीणेची प्रत्येक तार आपापल्या सुरात लावावी लागते, हेही ध्यानात घ्यावे. कोठे किती, हे ओळखण्याच्या या विवेकाला आपल्या भाषेत तारतम्य असा नेमका शब्द आहे.

मध्यम मार्गाला जे तडजोड समजतात, त्यांनी दीक्षाभूमीचा इतिहास पाहावा. 1935 साली येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात, लाखोंच्या साक्षीने, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन ती पूर्ण केली. मधली 21 वर्षे अध्ययनाची आणि चिंतनाची, मंद पण अखंड आचेची होती. क्षण आला तेव्हा मात्र त्यांनी पाऊल अर्धे टाकले नाही, पूर्ण टाकले. संयम आणि निश्चय हे एकाच मार्गाचे दोन टप्पे आहेत, याचा याहून सबळ पुरावा मला ठाऊक नाही.

म्हणून वाचकहो, येत्या वैशाखी पौर्णिमेला खिरीचा द्रोण हाती घ्याल, तेव्हा गंजापाशी उभ्या असलेल्या बाईच्या हाताकडे क्षणभर पाहा. केव्हा ढवळायचे, केव्हा जाळ ओढायचा आणि केव्हा गंज उतरवायचा, हे तो हात जाणतो. मध्यम मार्ग शिकायचा तो तेथे.