कागदावरचा पवित्रा

‘झ्वांगत्सी’ या प्राचीन चिनी ग्रंथात चाके घडवणाऱ्या एका सुताराची कथा आहे. त्याचा धनी दिवाणखान्यात पुस्तक वाचत बसलेला असतो. सुतार हातातली छिन्नी खाली ठेवून त्याला विचारतो, हे शब्द कुणाचे? होऊन गेलेल्या थोर पुरुषांचे, असे उत्तर मिळताच तो म्हणतो, मग आपण वाचता आहात तो निव्वळ चोथा. छिन्नी किती जोराने चालवायची हे हाताला कळते, पण ते त्याला पोटच्या मुलालाही सांगता आलेले नाही. म्हणून सत्तरीतही त्याला स्वतःच चाके घडवावी लागताहेत.

ज्ञान शरीरात राहते की शब्दांत, हा प्रश्न शस्त्रविद्येइतका दुसऱ्या कुठे क्वचितच टोचत असेल. आपल्याकडच्या तालमीतही वस्ताद डाव सांगत बसत नाही. तो पठ्ठ्याचा खांदा धरून फिरवतो, पाय अर्धी वीत मागे सरकवतो. ही अर्धी वीत पुस्तकात कशी उतरवायची? कोरियात १७९० साली छापलेल्या ‘मुयेदोबोथोंगजी’ या सचित्र ग्रंथात या प्रश्नाशी नेटाने केलेली झुंज पाहायला मिळते.

ग्रंथाच्या मुळाशी पराभव होता. १५९२ मध्ये जपानी सैन्य चोसन राज्यात, म्हणजे तेव्हाच्या कोरियात, घुसले. कोरियन सैनिक धनुर्विद्येत तरबेज होते, पण जवळून तलवारीला भिडायची वेळ आली की कमी पडत. मदतीला आलेल्या चीनच्या मिंग राजवटीच्या सैनिकांना विचारून आणि चिनी सेनानी छी जिग्वांगच्या पुस्तकाच्या आधारे हान ग्यो या अधिकाऱ्याने सहा विद्या लिहून काढल्या. ते पुस्तक १५९८ चे. युवराज सादोने १७५९ मध्ये त्यांची संख्या अठरावर नेली. तीनच वर्षांनी बापाच्या, राजा योंगजोच्या हुकमाने सादोला धान्याच्या पेटीत कोंडून मारण्यात आले. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला त्याचा मुलगा पुढे जोंगजो या नावाने गादीवर आला. त्याने वडिलांच्या कामात घोड्यावरच्या सहा विद्यांची भर घालून चोवीस विद्यांचा ग्रंथ करवला. कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वडिलांचे अपुरे राहिलेले काम पुढे नेणे हे पुत्राचे मोठे कर्तव्य आहे. हा संदर्भ सोडला, तर एवढा विद्याव्यासंगी राजा भाले-तलवारींच्या पुस्तकात इतका जीव का ओततो, ते कळणार नाही.

काम सोपवले तिघांवर. यी दोक-मू आणि पाक जे-गा हे राजग्रंथालयातले पंडित. दोघेही उपपत्नींच्या घराण्यांतले, त्यामुळे विद्वत्ता असूनही मोठ्या पदांची दारे त्यांना बंद. तिसरा पेक दोंग-सू, राजाच्या खास पलटणीतला तलवारबाज. ही निवड हेच सुताराला दिलेले पहिले उत्तर म्हणायला हवे. पंडितांनी जुनी पुस्तके धुंडाळावीत आणि त्यातला प्रत्येक पवित्रा पेकने अंगाने पारखावा, अशी ही वाटणी होती. नुसत्या वाचनावर विसंबले असते, तर सुतार खरा ठरला असता.

चित्रांची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. आधी हत्याराचे चित्र आणि त्याची माहिती. मग एकेक पवित्रा, त्याचे नाव, आकृती आणि वर्णन. त्यानंतर सगळ्या पवित्र्यांची नावे क्रमाने गुंफलेला आराखडा, आणि शेवटी तोच क्रम लहान-लहान मानवाकृतींत, डोळ्यांसमोर एकसंध. नावे कशी, तर एका पायावर उभा सोन्याचा कोंबडा, गुहेतून बाहेर पडणारे पांढरे वानर. नाव उच्चारले की शरीराला आकार आठवावा, अशी सोय. तरीही दोन आकृत्यांच्या मधे काय घडते ते चित्रकाराला दाखवता येत नाही. वजन कोणत्या क्षणी पुढच्या पायावर आले, श्वास कुठे सोडला, ते कोऱ्या कागदातच राहते. सुताराचा चोथा तो हाच, आणि इथे त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

पण त्याच्या कथेत एक गोष्ट नाही. तो निपुत्रिक मेला असता, किंवा गावच्या साऱ्या सुतारांना युद्धाने गिळले असते, तर चाकाचे काय झाले असते? कोरियन तलवारीच्या एका पद्धतीवर जवळजवळ हीच वेळ आली होती. चीनच्या माओ युआनयीने १६२१ च्या आपल्या युद्धकोशात ती सचित्र दिली आणि ती चोसनमधून मिळाल्याची नोंद केली. दीडशेहून अधिक वर्षांनी कोरियन संपादकांनी आपलीच ती विद्या चिनी पुस्तकातून परत घेतली. हात विसरले होते, पानाला आठवत होते. शत्रूची विद्याही त्यांनी वगळली नाही. जपानी तलवारीचे डाव ग्रंथात नावानिशी आहेत. गुरूच्या मर्जीवर चालणाऱ्या परंपरेत एवढा मोकळेपणा सहसा येत नाही, आणि नेमकी याचसाठी अशा पुस्तकांची गरज असते.

मुख्य ग्रंथ अभिजात चिनीत होता, आणि ती भाषा पलटणीतल्या शिपायांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून बोली कोरियन भाषेत, हांगुल लिपीत, वेगळा खंड काढला गेला. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून बडोद्यात काढलेल्या दहा खंडी ‘व्यायाम ज्ञानकोशा’नेही आखाड्यातली विद्या सामान्य वाचकाच्या मराठीत आणली.

जोंगजोने वसवलेल्या सुवोन शहरात आज राजवाड्याच्या दारासमोर या चोवीस विद्यांची प्रात्यक्षिके होतात. त्या मुख्यतः या चित्रांवरूनच पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. दोन आकृत्यांमधली हालचाल नेमकी कशी असावी, यावर कोरियातल्या अभ्यासकांचे एकमत नाही. एक गट एका तऱ्हेने वळतो, दुसरा वेगळ्या, आणि दोघेही आधाराला तेच पान उघडतात.