धुरा

चोरखमाऱ्याला बाहेरचा माणूस येतो तो नागझिरा अभयारण्याच्या गेटसाठी. धानाच्या रोवणीच्या दिवसांत गेट बंद असतं, आणि इथली दुसरी बघण्यासारखी गोष्ट नेमकी तेव्हाच चालू असते. रात्री पाऊस कोसळला की पहाटे शेतकरी फावडं खांद्यावर टाकून बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या शेततुकड्यांकडे, निघतो. धुऱ्याला, म्हणजे दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला, एका जागी खाच पाडतो. वरच्या बांधीतलं जादा पाणी खालच्या बांधीत उतरतं. चार बोटं पाणी उरलं की तोच चिखल आणि मूठभर गवत घालून खाच बुजवतो, पायानं दाबतो. झालं.

शहरी पाहुण्याला वाटतं, एवढ्या धुऱ्यांत जमीन वाया कशाला घालवायची? सगळं मिळून एकच शेत का नाही? पण धानाला उभं पाणी लागतं, आणि उभ्या पाण्याला सपाटी. उतारावरचा मोठा तुकडा सपाट करायचा म्हटलं तर वरची माती खरवडून खाली ओढावी लागेल आणि वर मुरूम उघडा पडेल. तोच उतार पायऱ्यापायऱ्यांनी तोडला की प्रत्येक बांधी आपल्यापुरती सपाट. एखादा धुरा फुटला तर बाकीचं शेत वाचवायला वेळ मिळतो.

अभियंते अशा भागाला मॉड्यूल म्हणतात: आपल्यापुरता पुरा, जोडता येतो आणि सोडवताही येतो. या विषयावर बोलणारे बहुधा तुकड्यांवर खूश असतात. माझ्या मते अक्कल लागते ती धुऱ्याला. तुकडा कुणीही पाडेल.

भंडारा-नागपूरकडची करवतकाठी साडी घ्या. अंग टसरचं, काठ सुती. दोन्ही वेगवेगळे विणून शिवलेले नसतात. विणकर तीन धोटे चालवतो, दोन काठांचे आणि एक अंगाचा. अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकून मागे फिरतो, आणि त्या अडकण्यातूनच करवतीचे दात उमटतात. ज्याला आपण नक्षी म्हणतो तो खरं तर सांधा आहे.

सांध्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते ‘मीर’ अंतराळ स्थानकावर दिसलं. २५ जून १९९७ रोजी हातानं चालवून जोडायला आणलेलं प्रोग्रेस मालवाहू यान स्पेक्टर नावाच्या मॉड्यूलवर आदळलं. स्पेक्टरला भोक पडलं, हवा निसटू लागली. दार लावलं की बाकीचं स्थानक वाचणार होतं. मॉड्यूल करायचे ते त्याचसाठी. पण दारातून केबलींचा जुडगा गेलेला! स्थानकावरचे अंतराळवीर लाझुत्किन आणि फोल यांनी निघतील त्या केबली उपसल्या, न निघणाऱ्या लाझुत्किननं चाकूनं कापल्या, मग झाकण बसलं. माणसं वाचली, पण स्पेक्टरच्या सौर पंखांची वीज गेली, म्हणजे स्थानकाची जवळजवळ निम्मी. ऑगस्टमध्ये दुसऱ्या दोघा रशियन अंतराळवीरांनी त्या जागी नवं झाकण बसवलं. त्यात केबलींसाठी जोडण्या आधीच करून ठेवलेल्या होत्या. हे शहाणपण दोन महिने उशिरा आलं, एवढंच.

म्हणूनच इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेनं १६ जानेवारी २०२५ रोजी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह जोडले तेव्हा टाळ्या वाजल्या, पण मला महत्त्वाची वाटली ती १३ मार्चची बातमी. त्या दिवशी ते सुटे झाले. भारताच्या नियोजित अंतराळ स्थानकाचा आराखडा पाच मॉड्यूलचा आहे, आणि त्याची पहिली पायरी हीच.

पाच हा आकडा चोरखमाऱ्याला नवा नाही. डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगावचं राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य असे पाच तुकडे एकत्र करून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. कागदावर जोडणी एका दिवसात होते. जमिनीवर नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, आणि नवेगावकडे निघालेल्या वाघाला तो ओलांडावा लागतो, बहुधा रात्री, ट्रकच्या दिव्यांमधून.